पाणथळीतले डास आणि धुराचे यंत्र

पावसाळा ओसरून भाताची कणसे पिवळी पडू लागली, की गोव्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. चोडणच्या खारफुटीत, करमळीच्या तळ्यावर आणि कुडचड्याच्या नंदा तळ्याकाठी दुर्बिणी गळ्यात अडकवलेली माणसे दिसू लागतात; आणि गावोगाव डासांविषयीच्या तक्रारी वाढतात. तक्रारीचा शेवटही ठरलेला असतो. कोणी तळ्याकाठी धूर मारण्याची मागणी करतो, कोणी खाजनाच्या पडीक कोपऱ्यात मातीचा भराव टाकण्याची. दुसरी मागणी करणाऱ्यांचा आरोग्याशी संबंध कितपत आणि जमिनीच्या भावाशी कितपत, हा स्वतंत्र विषय आहे. पण दोन्ही मागण्यांमागचे गृहीतक एकच असते: जिथे पाणी तिथे डास, आणि जिथे डास तिथे रोग. हे गृहीतक अर्धेच खरे आहे.

गोव्याला या भीतीचा इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. एके काळी युरोपीय प्रवाशांनी वाखाणलेले जुने गोवे वारंवारच्या साथींनी ओस पडत गेले. पटकी आणि हिवताप यांनी तिथली वस्ती पोखरली, व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड मांडवीच्या काठाने पश्चिमेकडे हलवले आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. पाणथळ भागातील वारा रोगट असतो, ही समजूत त्या काळी युरोपात आणि इथेही रूढ होती. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर अर्धशतकाने, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना. त्या शोधाने रोगट वाऱ्याची कल्पना शास्त्रातून हद्दपार केली. लोकमानसातून मात्र ती गेली नाही. दलदल दिसली की ताप आठवतो.

परंतु गेल्या चार दशकांत गोव्याला सतावणाऱ्या हिवतापाचे मूळ दलदलीत नव्हते. १९८६ च्या सुमारास पणजीत आणि पुढे कांदोळीसारख्या किनारी गावांत हिवताप फोफावला तो बांधकामांच्या लाटेबरोबर. त्याचा प्रमुख वाहक ॲनोफिलिस स्टीफेन्साय हा डास विहिरी, गच्चीवरील टाक्या आणि काँक्रीट ओले ठेवण्यासाठी स्लॅबवर साठवलेले पाणी पसंत करतो. म्हणूनच बांधकाम मजुरांच्या रक्ततपासणीवर आणि आरोग्य कार्डांवर राज्याने भर दिला. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस तर घरातलाच रहिवासी. पिंप, फुलदाणी, जुना टायर, अंगणात पडलेली करवंटी एवढे त्याला पुरते. तळ्याच्या मोकळ्या पाण्यात, जिथे मासे आणि चतुराची पिल्ले अळ्यांवर टपलेली असतात, तिथे तो अंडी घालायला सहसा जात नाही. तळ्याकाठच्या बंगल्यात डेंग्यू झाला तर आधी त्या बंगल्याच्या गच्चीवर जाऊन पाहावे.

मग पाणथळीत चावते ते कोण? इथे तपशिलाला महत्त्व आहे, कारण बचावाचा उपाय चावणाऱ्यावर अवलंबून असतो. भाताच्या शेतांत आणि त्याला लागून असलेल्या उथळ पाण्यात क्युलेक्स ट्रायटेनिओऱ्हिंकस नावाचा डास वाढतो. तो संध्याकाळी आणि रात्री, बहुधा घराबाहेर चावतो. माणसापेक्षा त्याला गुरांची अधिक ओढ. पण जपानी मेंदूज्वराचा विषाणू तोच वाहून नेतो. बगळे आणि डुकरे या विषाणूचे आश्रयस्थान असून माणूस त्याच्या साखळीतील शेवटची कडी आहे. त्याच्या रक्तातून विषाणू पुढे डासांत जात नाही. या रोगावर लस उपलब्ध आहे, ही जमेची बाजू.

दुसरा गट मॅन्सोनियाचा, आणि त्याची कथा बोधप्रद आहे. इतर डासांच्या अळ्या श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. मॅन्सोनियाची अळी येत नाही. ती जलपर्णी किंवा गोंडाळासारख्या तरंगत्या वनस्पतींच्या मुळांना नळी खुपसते आणि त्यांतली हवा वापरते. साहजिकच पाण्यावर तेल टाका, वरून धूर सोडा, तिचे काहीही बिघडत नाही. केरळातील चेर्तला परिसरात हत्तीपायाचा एक प्रकार याच डासांनी दीर्घकाळ पोसला होता. तिथेही आणि इथेही खरा उपाय जलपर्णी काढण्याचा. आता जलपर्णी का माजते, तर सांडपाण्यातून तळ्यात खत येते म्हणून. त्याच सांडपाण्यात क्युलेक्सची दुसरी, घाण पाण्याला सरावलेली जात वाढते. तळे निरोगी असताना जे डास तिथे मोजके असतात, ते तळे आजारी पडले की बेसुमार होतात. त्यानंतर तळ्यावरच ठपका ठेवून ते बुजवायला निघणे, हा न्याय अजब म्हटला पाहिजे.

खाजनांचेही तसेच. गोव्यात खाजन जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली, मानशीच्या दारांतून भरती-ओहोटीचे पाणी हिशेबाने आत-बाहेर करणारी ही व्यवस्था चालू असते तेव्हा पाणी हलते राहते आणि त्याबरोबर मासे आत येतात. बांध फुटला, दार कुजले, शेत पडीक राहिले, की पाणी कोंडते. डासांची पैदास त्या कोंडलेल्या पाण्यात होते. मानशीची दुरुस्ती हा शेतीखात्याचा विषय समजला जातो. तो आरोग्यखात्याचाही आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातशेती आणि मिठागरे पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळली आहेत, त्यामुळे खाजनांना त्या नियमांचे कवच नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचे संरक्षण आणि व्यवस्थापन आराखडा यांचा खास उल्लेख होता. त्या आराखड्याच्या चर्चेत डास कुठेच येत नाहीत.

खारफुटीत शिरणाऱ्याचा छळ करतात ती मात्र डासांहून वेगळी, केमरे किंवा चिलटे म्हणून ओळखली जाणारी जात. एक ते तीन मिलिमीटरचा हा कीटक भरतीने भिजणाऱ्या चिखलात वाढतो. वारा पडला आणि उजेड मंदावला की थवेच्या थवे अंगावर येतात, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत शिरतात. भारतात या चिलटांमुळे माणसाला मोठा रोग होत असल्याचे दिसत नाही; मेंढ्यांना होणारा नीलजिव्हा रोग ती पसरवतात. त्यांच्या चाव्याची खाज मात्र चार-चार दिवस जात नाही, खाजवून जखमा होतात आणि त्या चिघळतात. या कीटकाची एक मर्मभेदी दुर्बलता आहे: तो उडण्यात कच्चा आहे. झुळूक वाहत असली तर तो टिकत नाही. ओसरीवर एक साधा पंखा लावल्याने जे साधते ते अगरबत्तीच्या अख्ख्या पुड्याने साधत नाही.

धूर मारून काय साधते

धुराचे यंत्र रस्त्यावरून फिरले की प्रशासन हलले असे वाटते, आणि हाच त्याचा मुख्य उपयोग असावा. धुरातील औषधाचे सूक्ष्म थेंब त्या क्षणी हवेत उडणाऱ्या डासाला लागले तर तो मरतो. पानाखाली बसलेला वाचतो, पाण्यातली अळी वाचते, आणि उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. साथ भडकलेल्या वस्तीत प्रौढ डासांची संख्या तातडीने खाली आणण्यासाठी फवारणीचा उपयोग होतो. नित्याचा उपाय म्हणून तिचे महत्त्व फार नाही. मोकळ्या पाणथळीत तर ती उलटते. चतुर, टाचण्या, कोळी हे डासांचे शत्रू त्याच औषधाने मरतात, आणि त्यांची संख्या पूर्ववत होण्यास डासांपेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. या औषधांपैकी बहुतेक पायरेथ्रॉइड वर्गातील असून मासे आणि पाण्यातील कीटक यांना ती जहाल विषासमान आहेत.

जैविक उपाय तुलनेने सौम्य आहेत, पण तेही डोळे झाकून वापरण्याचे नाहीत. बीटीआय हा जिवाणू डासांच्या अळ्यांना मारतो. गोव्यातच १९९० च्या दशकात बीटीआय आणि अप्लोकायलस ब्लॉकी हा छोटा देशी मासा यांचे हिवताप-नियंत्रणासाठी प्रयोग झाले होते. टाक्या, विहिरी, बांधकामाची पाणवठे यांसाठी ही जोडी उपयुक्त आहे. तळ्यात बीटीआय ओतले तर डासांबरोबर त्यांच्या निरुपद्रवी भाऊबंदांच्या अळ्याही मरू शकतात, ज्यांवर पाणपक्ष्यांचे पोट चालते. आणि देशी मासा हाताशी असताना १९२८ मध्ये परदेशातून आणलेला गप्पी-सदृश गॅम्ब्युसिया तळ्यात सोडण्याची हौस अजून सरलेली नाही. जगातील सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. तो अळ्यांइतक्याच आवडीने इतर माशांची अंडी-पिल्ले खातो.

पाणथळ फवारून किंवा बुजवून प्रश्न सुटत नसेल, तर उरतो तो मार्ग माणसाच्या अंगावरचा. तिथे शिरणाऱ्याने स्वतःला झाकावे. हा सल्ला साधा वाटतो, पण त्यात कळीच्या गोष्टी आहेत. घट्ट जीन्समधून डास सहज चावतो. सैल, फिकट रंगाचे, दाट विणीचे कापड त्याला अडवते. गडद रंगांकडे अनेक जाती आकर्षित होतात. विजार मोज्यांत खोचली तर घोट्याचा सर्वांत आवडता भाग सुटतो. सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे अर्धा-पाऊण तास पक्षीनिरीक्षणासाठी उत्तम असतात आणि दुर्दैवाने चावणाऱ्यांसाठीही. त्या वेळी वाऱ्याच्या दिशेला, मोकळ्या बांधावर उभे राहणे हेच शहाणपण.

त्वचेवर लावायच्या औषधांत सर्वाधिक तपासलेले नाव डीटचे. अमेरिकन लष्कराने ते १९४६ मध्ये विकसित केले आणि १९५७ पासून ते सामान्य ग्राहकांसाठी खुले झाले. दहा टक्के तीव्रतेचे डीट सुमारे दोन तास टिकते, वीस ते तीस टक्क्यांचे पाच तासांच्या आसपास. पन्नास टक्क्यांपुढे जाऊन फारसा लाभ होत नाही. तीव्रता वाढल्याने डास अधिक दूर राहत नाहीत, एवढेच की परिणाम जास्त वेळ टिकतो. डीटमुळे प्लॅस्टिक विरघळते, ही गोष्ट दुर्बीण आणि चष्मा बाळगणाऱ्यांनी विसरू नये. पिकॅरिडिन तितकेच परिणामकारक असून त्याला हा दोष नाही. आपल्याकडे घरोघरी परिचित असलेल्या ओडोमॉसमध्ये डायइथाइल बेंझामाइड हा डीटचा जवळचा नातलग असतो. ते वाईट नव्हे, पण घाम येणाऱ्या अंगावर, चिखलात, चार तासांच्या फेरीत ते पुन्हा लावावे लागते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गवती चहाच्या जातीतले सिट्रोनेला सुगंधी खरे. त्याचा प्रभाव तासाभरात विरतो. लसूण खाणे, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणे, मनगटावर ध्वनिलहरींची पट्टी बांधणे यांनी डासाला काही फरक पडत नाही.

पर्मेथ्रिन हे त्वचेवर लावायचे नसून कपड्यांना लावायचे औषध. अर्धा टक्का तीव्रतेच्या द्रावणात भिजवून वाळवलेला सदरा अनेक धुण्यांपर्यंत कीटकांना दूर ठेवतो, आणि डीटच्या जोडीने वापरल्यास पाणथळीसाठी याहून भरवशाचे संरक्षण नाही. इथे एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक. पर्मेथ्रिन माशांचे विष आहे. असा सदरा तळ्यावर किंवा खाजनाच्या पोंयीत धुणे म्हणजे ज्या पाण्यासाठी तिथे गेलो त्याच पाण्यात विष कालवणे. उन्हापासून बचावाचे मलम लावायचे असल्यास ते आधी, कीटकरोधक नंतर. कपड्याखालच्या कातडीवर ते चोपडू नये, लहान मुलांच्या हातांना लावू नये, आणि दोन महिन्यांखालील बाळाला तर जाळीखेरीज काहीच नको.

मानशीवरचा माणूस

आतापर्यंतचे सर्व उपाय ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचे. पक्षीनिरीक्षक हौसेने येतो आणि तासाभराने निघून जातो. पण पाणथळीत सर्वाधिक चावे सोसणारा माणूस वेगळाच आहे. मानशीच्या मासेमारीचा लिलाव घेतलेला माणूस ओहोटीच्या वेळेवर चालतो. ओहोटी रात्री असेल तर तो रात्री दाराशी जाळे लावून बसतो. तिसऱ्या आणि खुबे गोळा करणाऱ्या बायका गुडघाभर चिखलात, उघड्या पायांनी, तासन्‌तास वाकलेल्या असतात. बांधाची दुरुस्ती करणारे मजूर, खारफुटीची रोपे लावणारे वनखात्याचे रोजंदार यांचेही तसेच. यांच्या पायाला लावलेले औषध पहिल्याच पावलात धुऊन जाते. लांब बाह्यांचा सदरा आणि बुटांत खोचलेली विजार घालून तिसऱ्या काढता येत नाहीत. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय आहे तो धुरीचा: नारळाची सोडणे, कडुनिंबाचा पाला, शेणी. धुरीने डास काही अंशी दूर राहतात आणि छातीत धूर जातो. खोबरेल तेलाचा जाड थर हाही एक जुना उपाय. चिलटे त्यात चिकटून अडकतात, म्हणून तो अगदीच निरर्थक म्हणता येत नाही.

याच प्रश्नाला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, वेगळे उत्तर शोधावे लागले आहे. क्यासनूर जंगल ज्वर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला माकडताप, १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला आणि त्याचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने वेगळा केला. २०१५ मध्ये तो सत्तरीतील पाली गावात प्रकटला. काजूच्या बागांत काम करणारे त्याला बळी पडले. पुढच्याच वर्षी सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. त्याचा वाहक गोचीड. कीटकशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत गोचीड कीटक नव्हे, कोळ्याच्या गोत्रातला; पण चावा तो चावाच. जंगल फवारता येत नाही, तोडता तर येतच नाही, आणि जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली. तेव्हा कर्नाटकाने जो मार्ग धरला तो वैयक्तिक संरक्षणाचा: गोचीडरोधक तेल गावांत वाटायचे, रानात जाण्याआधी हातापायांना लावायचे, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करायची आणि कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे.

हे तेल ज्या डेपा नावाच्या द्रव्यापासून बनते ते ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले. त्यामागचे कारण शुद्ध आर्थिक होते. डीटसाठी लागणारा कच्चा माल देशात मिळत नव्हता; सीमेवरच्या जवानांना स्वस्त पर्याय हवा होता. जवानासाठी बनलेले द्रव्य मलनाडातल्या सुपारीच्या मजुराच्या कामी आले. ते खाजनाच्या चिखलापर्यंत मात्र पोचलेले नाही, कारण खाजनात माकडे मरत नाहीत आणि वृत्तपत्रांत मथळे येत नाहीत. माकडतापाच्या अनुभवाने दुसरी गोष्टही शिकवली: तेल फुकट वाटले म्हणजे ते वापरले जाते असे नाही. ते चिकट असते, वास येतो, घामाने उतरते. कामाच्या स्वरूपाला जे मानवत नाही ते आठवड्याभरात फळीवर जाऊन पडते. म्हणून खारफुटीत काम करणाऱ्यासाठी बाटलीपेक्षा औषधाचा संस्कार केलेला, लवकर वाळणारा सदरा आणि डोक्यावर बारीक जाळीची टोपी अधिक कामाची ठरेल. पायांसाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. असे सदरे धुण्याचे पाणी खाडीत जाणार नाही याची तजवीज, वाटप करणाऱ्या खात्यालाच करावी लागेल.

गोव्याबाहेरच्या मराठी नगरांनाही हा प्रश्न परका राहिलेला नाही. बडोद्याजवळचा वढवाणा तलाव गायकवाडांच्या राजवटीत सिंचनासाठी बांधला गेला. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर ही होळकरांची देणगी. २०२१ आणि २०२२ मध्ये हे तिन्ही जलाशय आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत आले, त्याच २०२२ मध्ये ४२ हेक्टरांचे नंदा तळेही आले, आणि २०२५ च्या प्रारंभी इंदूरला पाणथळ नगराची जागतिक मान्यता मिळाली. मानाबरोबर माणसे येतात. तळ्याकाठी फिरण्याचे मार्ग, दिवे, उपाहारगृहे येतात, आणि पर्यटकाला डास चावला की पहिला हुकूम सुटतो तो धुराच्या यंत्राला. रामसर स्थळाच्या व्यवस्थापन आराखड्यात पक्ष्यांची गणना असते, पाण्याची प्रत असते, पर्यटकांची सोय असते. काठावर रात्री पेटणारे प्रखर दिवे कीटकांना खेचतात हे त्यात लिहिलेले असावे, सांडपाण्याचा नाला कुठे वळवला ते लिहिलेले असावे, आणि तळ्यापासून किती अंतरापर्यंत फवारणी वर्ज्य आहे हेही.

गोव्यापुरते पाहिले तर सुरुवात करण्यास मोठा खर्च लागत नाही. मानशींचे लिलाव दरवर्षी होतात आणि त्यांतून कूळ संघटनांकडे व कोमुनिदादींकडे पैसा येतो. त्यातला अल्पसा भाग दाराच्या डागडुजीबरोबर दारावर बसणाऱ्याच्या संरक्षणासाठी ठेवता येईल. वनखात्याच्या खारफुटी लागवडीच्या अंदाजपत्रकात रोपे, खुंट आणि होडीचे भाडे धरले जाते, तसे सदरे आणि टोप्याही धरता येतील. प्राथमिक आरोग्य केंद्रांचे कर्मचारी पावसाळ्यानंतर घरोघरी टाक्या तपासत फिरतातच. खाजनाच्या गावांत त्यांनी पुढे बांधापर्यंत चालत जावे आणि कुठे पाणी कोंडले आहे, कुठले दार कुजले आहे, याची नोंद शेतीखात्याकडे द्यावी. नोव्हेंबरात भात कापून झाले की बांधांची कामे सुरू होतात. तोवर ही नोंद तयार असायला हवी.